बेचाळीस टेपा आणि एक शेरा

१

माझा दादा दोनदा गेला. पहिल्यांदा सहा वर्षांपूर्वी, दवाखान्यात, सगळ्यांच्या देखत. दुसऱ्यांदा गेल्या मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास, आणि त्या वेळी तिथे कोण होतं हे सांगायला कुणी तयार नव्हतं.

बुधवारी सकाळी फोन आला. रेडिओ केंद्रातली संगणकवाली होती. आवाजावरून रडून झालेलं कळत होतं.

"मावशी, तुम्ही जरा येता का? मौनीकाकांच्या टेपा गेल्या."

"गेल्या म्हणजे? पाय फुटले का त्यांना?"

"पुसल्या गेल्या. बेचाळीस. सगळ्या त्यांच्याच."

मी चहा तसाच ठेवला आणि निघाले.

मौनी म्हणजे माझा दादा. केंद्रात त्याला सगळे तेच म्हणायचे, कारण तो चौतीस वर्षं रेकॉर्डिस्ट होता आणि चौतीस वर्षांत तो चौतीस वाक्यं तरी बोलला असेल की नाही, देव जाणे. माझी वहिनी निवेदिका. तिचा आवाज अख्ख्या शहराच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी असायचा. दादा काचेच्या मागे. त्याचा आवाज कुणी ऐकला नाही. आणि मी तळघरात, टेपांची कार्डं लिहीत. एक टेप, एक कार्ड: कोण बोललं, कुठे, किती मिनिटं, आणि शेवटी शेरा. असा आमचा घराणेशाहीचा कारभार होता म्हणा ना.

दादाच्या बेचाळीस टेपा म्हणजे या शहराचे बेचाळीस म्हातारे-म्हाताऱ्या. नावाडी, सुईण, छापखान्यातला खिळे जुळवणारा, विहिरी खोदणारा, रस्त्यावरचे दिवे लावणारा. आता यातलं एकही माणूस हयात नाही आणि बरेचसे धंदेही नाहीत.

तळघराचं ते जाड दार ढकललं आणि जीव गलबलला. पूर्वी इथे शिरलं की जुन्या टेपांचा आंबूस वास नाकात जायचा, साडीला चिकटून घरी यायचा. आता टेपांतला आवाज संगणकात भरलाय आणि रिळं गेल्या वर्षी भंगारात गेली. उरलं काय, तर एक टेबल, एक मायक्रोफोन, एक संगणक आणि भिंतीशी माझी कार्डांची कपाटं.

"आता नीट सांग," मी म्हटलं. "आणि आधी नाक पूस."

तिने सांगितलं ते असं. संगणकात एक मदतनीस बसवलाय. त्याला साध्या बोलीत काम सांगायचं, तो करतो. सगळे त्याला हरकाम्या म्हणतात. त्याच्या हाताशी पंचवीस अवजारं आहेत, ही पोरगी त्यांना टूल म्हणते. प्रत्येक टूलला एक वर्णन चिकटवलेलं असतं. टूलच्या पोटात काय आहे ते हरकाम्याला दिसत नाही. वर्णन वाचूनच तो ठरवतो, कुठलं कधी उचलायचं.

"मंगळवारी बारा वाजता कुणीतरी त्याला 'जागा करून दे' म्हणून सांगितलं. त्याने बेचाळीस टेपा काढल्या. बुधवारी पहाटे नेहमीच्या साफसफाईत आणखी एक काढली, पण तिला नावच नव्हतं."

"कुणी सांगितलं?"

"या टेबलावरून सांगितलंय. इथे कुणीही बसू शकतं. मी त्या वेळी वरच्या मजल्यावर होते. परत आले तेव्हा खोली रिकामी. टेबलावर नुसता अर्धा कप कोमट पाणी होतं."

"मग परत आण की टेपा."

"काढलेल्या वस्तूंची नावं गळून पडतात, मावशी. अकरा हजार तुकड्यांचा ढीग आहे. बहुतेक खरोखरच कोरे. शुक्रवारी पाचला वरच्या कार्यालयातून नवे कार्यक्रम येतात, ते त्या ढिगावरच लिहिले जातात. ढीग दुसरीकडे उचलून ठेवायला जागा नाही. जागाच नव्हती म्हणून तर हे सगळं रामायण." तिने खाली बघितलं. "आणि साहेब म्हणालेत, शुक्रवारपर्यंत उलगडा झाला नाही तर माझी नोकरी गेली."

बुधवार दुपार ते शुक्रवार पाच. मी पदर खोचला.

२

साहेब म्हणजे धडपड्या. आज केंद्रप्रमुख असेल, पण मी त्याला वायरीत पाय अडकून तीनदा पडताना बघितलाय. दादाच्या हाताखाली तो उमेदवारीला होता आणि दोघांचं कधी पटलं नाही.

"या, ताई. बसा." खुर्ची मोठी झाली तरी माणूस तोच. "मला ठाऊक आहे तुमच्या मनात काय आहे. मीच पुसल्या असं वाटतंय ना?"

"चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच."

"अहो, मौनी मला आवडत नव्हते, हे मी कबूलच करतो. दोन वर्षं त्यांनी मला फक्त रिळं गुंडाळायला लावली. दोन वर्षं! मायक्रोफोनला हात लावू दिला नाही. पण म्हणून त्यांचं काम पुसेन?"

"आता कोण ऐकतं सुईणी-न्हाव्यांच्या गप्पा, असं गेल्या महिन्यात तूच म्हणालास. सगळ्यांसमोर."

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हटलं असेन. रागात माणूस काहीही बोलतो. पण हे बघा, ही चूक नाही, यामागे हेतू आहे. इतर सहा रेकॉर्डिस्टच्या टेपा आहेत संगणकात, एकालाही धक्का लागलेला नाही. एकाच माणसाच्या निवडून काढल्यात. हरकाम्याला विचारलं तर म्हणतो, त्या कोऱ्या होत्या. म्हणजे आधी कुणीतरी त्या कोऱ्या केल्या आणि मग त्याच्याकडून झाडून घेतल्या. हे कोणाला जमेल? त्या पोरीला. आणि मला."

"मग?"

"मी केलं नाही."

मला त्याचं बोलणं पटलं नाही, आणि खोडताही येईना. एक गोष्ट मात्र खरी होती. एकाच माणसाच्या टेपा निवडून काढायच्या म्हणजे त्या माणसाबद्दल कुणाच्या तरी मनात काहीतरी असणार. आणि दादाबद्दल मनात काही असणारं दुसरं माणूस माझ्याच घरातलं होतं.

३

वहिनीकडे जायचं मी संध्याकाळपर्यंत टाळलं. तिचं-माझं विळ्या-भोपळ्याचं सख्य. लग्न होऊन आली तेव्हापासून ती बोलत राहिली आणि मी कुरकुरत राहिले.

"या वन्सं. तुम्ही येणार हे ठाऊकच होतं. पोरीने मलाही फोन केला होता."

तिने माझ्यासाठी चहा ठेवला. स्वतःसाठी कपात कोमट पाणी घेतलं. कधीही चहा घेत नाही. गळा सांभाळायची सवय, निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी सुटलेली नाही. मी त्या कपाकडे बघतच राहिले.

"मंगळवारी कुठे होता तुम्ही, वहिनी?"

"घरीच. कुठे जाणार मी?"

कप टेकवताना पाणी बशीत सांडलं. जी चाळीस वर्षं बातम्या वाचताना एका अक्षराला अडखळली नाही, तिच्या हातून!

तिच्या मागे भिंतीवर दादाचा फोटो होता: कानांवर हेडफोन, हात वर केलेला. तो हात बघितला की आजही माझी जीभ आपोआप गप्प होते. कुणाशीही बोलणं सुरू करण्याआधी दादा असा हात वर करायचा आणि एक मिनिट सगळ्यांनी चिडीचूप बसायचं. "आधी खोलीला बोलू द्या," एवढंच म्हणायचा. ते मिनिट तो टेपेवर घ्यायचा. पुढे कुठे जोड द्यावा लागला तर त्याच खोलीची शांतता ठिगळ म्हणून वापरायची, ही त्याची रीत. इतर रेकॉर्डिस्ट हसायचे, पण त्यांचे जोड ऐकू यायचे आणि दादाचे नाही. लहानपणीही जेवताना तो मला असंच गप्प करायचा आणि मी ताटाआडून त्याला लाथ मारायचे.

"तुम्हाला काय वाटतं, मी पुसेन यांना?" वहिनी एकदम म्हणाली.

"मी तसं म्हटलं का?"

"तोंडाने नाही."

मी अर्धा चहा टाकून उठले. कपाट उघडून आत काय आहे ते बघायची भीती वाटते ना, तसं झालं होतं मला.

४

गुरुवारचा दिवस कपाटांतून कार्डं शोधून काढण्यात गेला; शुक्रवारी सकाळी मी ती मांडून बसले. पोरगीने काढलेल्या टेपांची यादी दिली होती. एकेक क्रमांक ताडून बघायचा, म्हातारीला दुसरं काय येतं!

आणि पहिल्या तासातच दोन गोष्टी सापडल्या.

"पोरी, सगळ्या मौनीच्याच असं म्हणालीस ना? मग ही बघ, सतराशे चार. सुताराची मुलाखत. रेकॉर्डिस्ट कोण लिहिलंय?"

तिने वाकून बघितलं. "अगं बाई! साहेब?"

"धडपड्याची पहिलीवहिली टेप. दादा शेजारी उभा होता. आणि दुसरी गोष्ट: दादाच्या एकूण टेपा बेचाळीस. यादीत त्याच्या एक्केचाळीसच. एक वाचली. लोहाराची. लाव बघू."

तिने लावली. पहिल्या क्षणापासून हातोडा. ठण्, ठण्, ठण्. मग कुणीतरी विनवतंय, "बाबा, एक मिनिट थांबता का?" आणि लोहाराचा आवाज: "लोखंड थांबेल का माझ्यासाठी?" मला हसू फुटलं आणि डोळेही भरले. कार्डावर माझ्याच अक्षरात शेरा होता: 'सुरुवातीपासून हातोड्याचा आवाज. वक्त्याने काम थांबवण्यास नकार दिला.'

"मावशी, काय झालं?"

"गप. मला त्या हरकाम्याशी बोलायचंय."

तिने खुर्ची दिली. मी बोटाने एकेक अक्षर शोधत विचारलं: मंगळवारी टेपा का काढल्यास?

उत्तर आलं: 'जागा करून देण्यास सांगितले होते. "कोरी टेप शोधा" हे टूल वापरले. त्याने दिलेल्या बेचाळीस टेपा काढल्या.'

कोऱ्या आहेत हे कशावरून?

'टूलने तसे कळवले.'

ते टूल टेप कुठवर ऐकतं?

'टूलच्या वर्णनात ते लिहिलेले नाही.'

"वर्णन दाखव," मी पोरीला म्हटलं. तिने दाखवलं. एक ओळ: 'कोरी टेप शोधते.'

"हे वर्णन? अगं, हे तर नाव झालं! पेटीवर 'पेटी' लिहिण्यासारखं. काय करतं, कसं ठरवतं, कधी वापरू नये, चुकलं तर काय होईल, काही आहे का यात?"

"माझ्या आधीच्या माणसाने टूल बनवलं होतं. मी फक्त वर्णन लिहिलं. नावावरून... सगळं कळतंय असं वाटलं."

"त्याच्या पोटात बघ आता."

ती बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. मग तिने माझा हात घट्ट धरला.

५

त्याच दिवशी दुपारी एक वाजता मी तिघांना तळघरात बोलावलं. धडपड्या घड्याळ बघत आला. वहिनी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर आवळून.

"कुणीही काहीही पुसलेलं नाही," मी म्हटलं. "साप साप म्हणून भुई धोपटत होतो आपण. ते टूल टेपेचे पहिले चाळीस सेकंद ऐकतं. तेवढ्यात मोठा आवाज नाही आला की टेप कोरी. शितावरून भाताची परीक्षा करतंय मेलं! वेळ वाचावा म्हणून तसं बनवलं, आणि वर्णनात कुणी लिहिलं नाही. हरकाम्याला वाटलं, कोरी म्हणजे कोरी. तो बिचारा दुसरं काय वाचणार?"

धडपड्याचं तोंड उघडं राहिलं. "मौनींचं मिनिट!"

"दादाचं मिनिट. म्हणून एकाच माणसाच्या गेल्या. तिथे राग नव्हता, लोभ नव्हता, एक सवय होती. लोहार गप्प बसला नाही म्हणून तो वाचला. आणि तुझी सुताराची टेप गेली, कारण तू गुरूचं ऐकलंस."

तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "त्या दिवशी मिनिट संपल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता, ताई. दोन वर्षांत पहिल्यांदा."

"म्हणजे टेपा शाबूत आहेत," पोरगी मध्येच म्हणाली. "ढिगात शोधता येतील. सुरुवातीला शांतता आणि पुढे माणसाचा आवाज, असे तुकडे. या वेळी शेवटपर्यंत ऐकायचं. तीन तास लागतील."

"मग उभी काय राहिलीस?"

तिने काम लावलं. तीन तास. पाचला भरती. आम्ही चौघं त्या पडद्याकडे बघत बसलो. सव्वादोनला सुईण आली. नावाडी आला. मग बराच वेळ काहीच नाही. साडेतीनला एकदम सहा आले. धडपड्या मुलासारखा मोजत होता. चार वाजून दहा मिनिटांनी बेचाळिसावी आली, त्याचीच, सुताराची. त्याने चष्मा काढून पुसला आणि पोरीला म्हणाला, "उद्यापासून वेळेवर येत जा." ती नेहमी वेळेवरच यायची, पण त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

"साहेब, अजून एक सापडलीये," पोरगी म्हणाली. "त्रेचाळिसावी. तीच ती, नाव नसलेली. मंगळवारी दुपारी साडेबाराला रेकॉर्ड झालेली."

वहिनीची पर्स खाली पडली.

मला बुधवारपासून ठाऊक होतं. कोमट पाणी पिणारं माणूस या शहरात एकच. आणि दादाचं मिनिट पाळणारी जिवंत माणसं तीन: धडपड्या, वहिनी आणि मी. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "ती लावायची गरज नाही."

"लावा," वहिनी म्हणाली. आवाज तोच, सकाळच्या बातम्यांचा. "वन्सं, झाकू नका. मीच आले होते. मला यांच्याबद्दल चार शब्द बोलून ठेवायचे होते. सगळ्यांची आठवण रेकॉर्ड झाली, यांची कुणी केलीच नाही. पडद्यावर आलं, जागा नाही. मी लिहिलं, जागा करून दे. बास, एवढंच. आणि त्याने यांनाच पुसून मला जागा करून दिली, हो!" ती ओक्साबोक्शी रडायला लागली. "कुठल्या तोंडाने सांगणार होते मी? पोरीची नोकरी जात होती तरी तोंड उघडलं नाही. चोरापेक्षा वाईट केलं मी."

ती लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा मी वहिनीला जवळ घेतलं. हाडं लागली हाताला. इतकी वाळली होती आणि माझं लक्षच नव्हतं.

"तुमची एकटीची चूक नाही, वहिनी. माझी आहे. या पोरीने माझी सगळी कार्डं संगणकात चढवली होती. हरकाम्या ती वाचतो. मी लोहाराच्या कार्डावर हातोडा लिहिला, कारण ते वेगळं होतं. पण बाकी एक्केचाळीस कार्डांवर, पहिलं मिनिट शांत आहे, हे कुठेच लिहिलं नाही. कशाला लिहायचं? सगळ्यांनाच ठाऊक होतं! दादा मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, कार्ड अशा माणसासाठी लिही, ज्याने टेप ऐकलेली नाही. एकतीस वर्षं लिहिली आणि नेमकं त्याच्याच टेपांच्या वेळी विसरले."

मग धडपड्याने स्वतः हात लावून एक टेप सुरू केली. दिवे लावणाऱ्याची.

आम्ही ते मिनिट ऐकलं. आधी काहीच नाही. मग लांबून सायकलची घंटा. खुर्चीची कुरकुर. घड्याळ. आणि मिनिट संपता संपता, मायक्रोफोनच्या अगदी जवळ, कुणीतरी नाकाने खोल श्वास घेतला आणि सोडला.

वहिनी ताठ बसली. "हे आहेत," ती म्हणाली. "हात खाली करायच्या आधी असाच श्वास घ्यायचे. रोज बघायची मी काचेतून."

पोरगीने दुसरी लावली. तिथेही होता. तिसरीतही. सहा वर्षं आम्ही म्हणत होतो, त्याचा आवाज कुठेच नाही. एक्केचाळीस ठिकाणी होता.

पाचला वरून कार्यक्रम आले आणि ढिगावर भरले गेले. वहिनीच्या टेपेसकट सगळ्या त्रेचाळीस आम्ही बाजूला काढून ठेवल्या होत्या, त्यामुळे आम्हाला त्याचं काही नव्हतं.

सोमवारी मी आणि पोरगी शेजारी बसलो. तिने टूल दुरुस्त केलं आणि मी वर्णन सांगितलं: 'हे टूल टेप पूर्ण ऐकते. सुरुवातीला शांतता असली म्हणून टेप कोरी समजू नये. संशय असल्यास काहीही काढू नये, माणसाला विचारावे.' तिने वाचून दाखवलं. मी एक शब्द बदलायला लावला. ती तोंड वाकडं करून हसली, आणि तिने बदलला.

मग मी एक्केचाळीस कार्डं काढली, पेनात शाई भरली आणि प्रत्येकावर शेरा लिहिला. वहिनी शेजारी कोमट पाणी घेऊन बसली होती आणि अखंड बोलत होती, आणि मला त्याचा त्रास होत नव्हता. शेवटचं कार्ड तिने माझ्या हातातून घेतलं आणि निवेदिकेच्या आवाजात वाचलं:

"शेरा. पहिलं मिनिट कुणी बोलत नाही. रेकॉर्डिस्ट हजर आहे."